शुश्रूषागृहाची पारख
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने गेल्या वर्षी आम्हां तिघांवर एक काम सोपविले. आपल्या ज्या कुटुंबांना घरातील अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्या माणसांस शुश्रूषागृहात ठेवावे लागते, किंवा पुढेमागे ठेवावे लागेल, त्यांना अशा गृहाची पारख कशी करावी हे सांगता यावे, यासाठी आम्ही काही गृहे प्रत्यक्ष पाहावी आणि येथे येऊन निवेदन करावे, असा तो ठराव होता. आमच्यापैकी एकीचा जन्म रुग्णालयात परिचारिकेचे काम करण्यात गेला आहे. दुसऱ्याचा हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेला. आणि तिसऱ्याची पात्रता एवढीच की, त्याच्या मातोश्रींनी आयुष्याची अखेरची दीड वर्षे अशाच एका गृहात काढली. आज जे बोलावयाचे आहे ते तिघांचे मिळून आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणून बोलतो.

विषय सणासमारंभाच्या दिवशी बोलण्याजोगा नाही, याची जाणीव आम्हांस आहे. आपल्यात अजूनही ‘आईला आश्रमात ठेवले’ हे वाक्य आवाज खाली करून उच्चारले जाते. ऐकणाराही लगेच सुनेच्या तोंडाकडे पाहतो. वस्तुस्थिती मात्र आपणां सर्वांस ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपलीकडच्या माणसांचे प्रमाण शेकडा दहाच्या घरात होते आणि तेव्हापासून ते वाढतच आहे. एक मुलगा बंगळुरास, दुसरा परदेशात, घरी दोन खोल्या आणि दोघेही नोकरीवर जाणारे. अशा घरात खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा स्मृती गेलेल्या साठ किलो वजनाच्या माणसास दिवसातून सहा वेळा उचलावयाचे कोणी? तेव्हा ठेवणे बरे की वाईट, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. मात्र या लाजेचा एक परिणाम फार घातक आहे. ज्याला लाज वाटते तो प्रश्न विचारीत नाही. आपण आपले कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात घातले आहे, मग त्याच्याकडे तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची, असे त्याला वाटत राहते.

प्रथम कायद्याचे दोन शब्द. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहान खाजगी रुग्णालय अथवा प्रसूतिगृह डोळ्यांपुढे येते. १९४९ चा मुंबईचा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम मुख्यतः त्यांच्याकरिताच वापरला गेला. पण त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बल माणसांचाही उल्लेख आहे, आणि उपचार व शुश्रूषा ही दोन्ही जेथे दिली जातात ती जागा त्यात येते. नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल असे भिंतीवर लावले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची सक्ती आली. दुसऱ्या बाजूस ‘वृद्धाश्रम’ या नावाने चालणाऱ्या जागा असतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात, राज्य सरकारने निदान जिल्ह्यास एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढावा, असे कलम आहे. पण ते ‘काढू शकेल’ अशा भाषेत आहे, आणि अशा भाषेचा अर्थ काय होतो हे सरकारदरबारी खेटे घातलेल्यांस सांगावयास नको. खाजगी सेवागृहांची नोंदणी व किमान दर्जा ठरविणारे एक विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत आले होते. ते संमत होण्यापूर्वीच त्या लोकसभेची मुदत संपली. सारांश, अंथरुणावरील वृद्धांना ठेवून घेणाऱ्या पुष्कळशा जागा दोन कायद्यांच्या मधल्या बोळात उभ्या आहेत. म्हणून गृहात शिरताच पहिला प्रश्न असा विचारावा: आपली नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, आणि तो कागद कोठे लावला आहे? काही ठिकाणी संस्थेच्या धर्मादाय नोंदणीचा कागद मोठ्या अभिमानाने दाखविण्यात आला. तो कागद संस्थेचा झाला. तेथे शुश्रूषा कशी होते यावर त्याने काहीच प्रकाश पडत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. आरंभी आम्ही जी गृहे पाहिली ती आपण सर्व जशी पाहतो तशीच पाहिली. बाग पाहिली, देवघर पाहिले, गाद्यांवरच्या पांढऱ्या चादरी पाहिल्या, चहा घेतला आणि परत आलो. परत येताना गाडीत आमच्यातील परिचारिका भगिनी म्हणाल्या, “आपण इमारत पाहून आलो, एकही म्हातारा पाहिला नाही.” ते खरे होते. एव्हिडिस डोनाबेडियन नावाचे एक विद्वान वैद्यक अमेरिकेत होऊन गेले. १९६६ साली त्यांनी लिहिलेला एक निबंध या विषयात आजही पायाभूत मानला जातो. वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे: साधने कोणती आहेत, काम कसे होते, आणि माणसाचे शेवटी काय झाले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर चूल व भांडी एक, स्वयंपाक दुसरा, आणि जेवणाऱ्याच्या अंगी काय लागले हे तिसरे. आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा भांडी तेवढी पाहतो.

याचे उदाहरण आमच्याच घरचे आहे. आमच्यापैकी ज्याच्या मातोश्री गृहात होत्या, तो आणि त्याचा धाकटा भाऊ दर रविवारी न चुकता जात. गृह शहराबाहेर होते, स्वच्छ होते, महिन्याची रक्कम लहान नव्हती. मातोश्री गळ्यापर्यंत चादर ओढून, केस विंचरून, कपाळाला गंध लावून निजलेल्या असत. मुले उशाशी बसत, भाजलेला पोह्याचा चिवडा कुसकरून भरवीत, गावच्या गोष्टी सांगत आणि तास-दीड तासाने निघत. चादर त्यांनी कधी वर केली नाही. मुलाने आईच्या अंगावरची चादर कशी उचलावी, ही मर्यादा आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे, आणि तीत गैर काही नाही. पुढे दिवाळी आली. भाऊबिजेस बहीण सासरहून आली आणि म्हणाली, यंदा आईला अभ्यंगस्नान मी घालीन. संचालकांनी आढेवेढे घेतले. आज मावशी रजेवर आहेत, पाणी तापलेले नाही, असे सांगितले. ती ऐकेना. तेल लावावयास म्हणून तिने आईला कुशीवर केले, तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम दिसली. तिच्या तळाशी हाड दिसत होते. अशी जखम एका रात्रीत होत नाही. त्या आधीचे कित्येक रविवार मुलगे दोन हातांवर बसून गेले होते.

ती जखम भरली नाही. माघात मातोश्री गेल्या. गृहाचे नाव आम्ही सांगणार नाही. ते सांगून आमच्या मनाचे समाधान झाले असते, परंतु आपण त्या एका गृहास टाळून दुसऱ्या तसल्याच गृहात निश्चिंत मनाने गेला असता.

या जखमेस शय्याव्रण म्हणतात. रुग्णालयात सगळेच तिला बेडसोअर म्हणतात. ती कशी होते हे प्रत्येक घरातील एका तरी माणसाने समजून घेतले पाहिजे. हलता न येणारा माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस दाबले जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तेवढ्या जागेस रक्त मिळत नाही. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, म्हणून त्यास काही होत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागली बाजू आणि कुशीवर निजणाऱ्याचा कान, या तिच्या जागा आहेत. लघवीने ओली राहिलेली कातडी लवकर फाटते. माणसास उचलून घेण्याऐवजी चादरीवरून ओढून वर सरकविले तरी ती आतून फाटते. पोटात पुरेसे अन्न नसले तर झालेली जखम भरत नाही. पहिली खूण म्हणजे लाल डाग. त्यावर बोट दाबून सोडावे. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर इजा सुरू झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर हा लाल रंग नीट दिसत नाही. तेथे जागा गरम, घट्ट किंवा भोवतीपेक्षा काळवंडलेली लागते, म्हणून हाताने चाचपून पाहावे. आपल्याकडे अशा डागावर खोबरेल चोळण्याची पद्धत आहे. तसे करू नये, चोळल्याने आतले मांस अधिक दुखावते. हवा भरलेले रबरी कडे खाली देण्याचीही पद्धत आहे. तेही देऊ नये, कारण कड्याच्या काठावर दाब येऊन मधल्या भागाचे रक्त आणखी अडते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी; पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्या; कातडी कोरडी राखावी; ज्याला परवडेल त्याने हवेची गादी घ्यावी. मात्र हवेच्या गादीने कूस बदलण्याचे काम संपत नाही. हे विधान आम्ही मुद्दाम करीत आहो, कारण एका संचालकांनी आम्हांस ती गादी दाखवून “आता काळजीच नाही” असे सांगितले, आणि तिचा पंप बंद होता.

इंग्लंडात डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून १९६२ मध्ये एक साधी गुणपत्रिका प्रसिद्ध केली. शरीरप्रकृती, मनाची शुद्ध, चालणेफिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यावयाचे. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण पडले तर तो माणूस शय्याव्रणाच्या धोक्यात आहे असे धरावयाचे. या कामास ना यंत्र लागते, ना पैसा. दोन मिनिटे आणि एक कागद पुरतो. पुढे याहून सुधारलेल्या पद्धती निघाल्या. आम्ही प्रत्येक गृहात विचारले, माणूस दाखल होताना त्याची अशी काही नोंद आपण करता काय? जेथे त्याच दिवशी अंगावरच्या जुन्या जखमा पाहून, लिहून, नातेवाइकाची सही घेतली जात होती, ते गृह आमच्या मनातून वर चढले. त्यात त्यांचाही स्वार्थ आहे. घरून आलेली जखम त्यांच्या माथी बसत नाही. असा स्वार्थ असावा.

आता रात्रीचा हिशेब. आमच्यातील हिशेबनीस गृहस्थांनी तो एका गृहाच्या कट्ट्यावर बसून पाकिटाच्या मागच्या बाजूस मांडला. समजा, अंथरुणावरून न उठणारी बारा माणसे आहेत. प्रत्येकाची कूस बदलावयाची, डायपर ओले असेल तर बदलावयाचे, तोंडाला पाणी लावावयाचे. घाई न करता हे दहा मिनिटांचे काम आहे. बारा दाहे एकशेवीस. म्हणजे दोन तासांत एक फेरी संपते न संपते तोच दुसरी सुरू. एक मावशी रात्रभर क्षणभर न टेकता हेच करीत राहिली, कोणी हाक मारली नाही, कोणी पडले नाही, कोणास उलटी झाली नाही, तरच हे जमेल. त्यातही जड माणूस एकटीस वळविता येत नाही. तिला दुसरे हात लागतात. त्या गृहात रात्री एकच मावशी होती, आणि ती दिवसाची बारा तासांची पाळी करून थांबलेली होती. अशा स्थितीत ‘आम्ही दर दोन तासांनी कूस बदलतो’ असे संचालकांनी सांगितले, तर त्यांच्या सद्‌हेतूविषयी शंका न घेताही ते खरे असू शकत नाही, एवढे म्हणता येते. म्हणून एकंदर नोकर किती, हे विचारू नये. रात्री दोन वाजता जागी माणसे किती, आणि न उठणारे रुग्ण किती, हे विचारावे.

तेही तोंडी विचारून भागत नाही. अमेरिकेत १९८७ मध्ये या गृहांसंबंधी कडक कायदा झाला. अगाऊ सूचना न देता तपासणी होते, ती पंधरा महिन्यांच्या आत व्हावीच लागते, आणि २००८ पासून प्रत्येक गृहास एक ते पाच तारे देऊन ते लोकांपुढे मांडले जातात. इतके करूनही नोकरांची संख्या प्रथम गृहे स्वतःच कळवीत, आणि ती फुगविलेली असते अशी ओरड झाली. अखेरीस २०१६ पासून पगारपत्रकावरून ती घेण्याची व्यवस्था करावी लागली. आपल्याकडे तारे नाहीत आणि तपासनीसही क्वचितच येतो. तेव्हा हजेरीपट पाहावयास मागावा. तो दाखविण्यास कोणी बांधील नाही. परंतु न दाखविणाऱ्याचा चेहरा पाहावयास मिळतो. याहून सोपा उपाय असा की, जागा ठरविण्यापूर्वी एकदा रात्री आठनंतर आणि एकदा पहाटे सहाला जाऊन यावे. दुपारी चारला सर्व गृहे सारखीच दिसतात.

खाणेपिणे यासंबंधी लोक भिंतीवरचा आठवड्याचा तक्ता वाचतात. मंगळवारी शिरा आहे, शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी आहे, छान. आम्ही म्हणतो, परत गेलेली ताटे पाहावी. ज्याला हाताने खाता येत नाही त्याच्यापुढे ताट ठेवून अर्ध्या तासाने उचलून नेले, तर ते ‘वाढले’ या सदरात जमा होते, पोटात नव्हे. भरविताना माणसास बसते करून भरवितात की निजलेलाच भरवितात, हे डोळ्यांनी पाहावे. निजून घास घेतला तर तो श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून जेवणानंतरही निदान अर्धा तास बसते ठेवावे लागते. म्हातारपणी तहानेची जाणीव बोथट होते, तेव्हा पाणी मागून मिळते एवढे पुरत नाही, आठवणीने पाजावे लागते. आणि एक कटू गोष्ट सांगतो: डायपर कमी लागावे म्हणून संध्याकाळनंतर पाणी न देण्याची रीत आम्ही एके ठिकाणी उघड ऐकली. सांगणाऱ्यास त्यात काही वावगे वाटतही नव्हते. जीभ बाहेर काढावयास सांगून पाहावी. कोरडी आणि भेगाळलेली असली तर बाकी सर्व व्याख्याने व्यर्थ आहेत.

वजन हा यातला सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. दरमहा वजन होते काय आणि ते लिहिले जाते काय, हे विचारावे. महिन्यात शेकडा पाच किंवा सहा महिन्यांत शेकडा दहा इतके वजन उतरले तर डॉक्टरांस बोलावले पाहिजे. पन्नास किलोच्या आजीचे महिन्यात अडीच किलो गेले तर ती ‘आता वयच झाले’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नव्हे. आजीला उभे राहता येत नसेल तर खुर्चीसकट वजन करावे आणि खुर्चीचे वजा घालावे. हे एका तालुक्याच्या ठिकाणच्या गृहात आम्ही पाहिले आणि फार समाधान वाटले.

औषधांच्या वहीत आम्हांस एक मौज दिसली, जिला मौज म्हणवत नाही. दुपारचे चार वाजले होते, आणि रात्री आठच्या गोळीपुढे ‘दिली’ म्हणून सही होऊन चुकली होती. मधुमेह्यास इन्सुलिन टोचून झाल्यावर तो जेवला नाही तर साखर उतरून बेशुद्धी येते. तेव्हा ही वही म्हणजे जीवनमरणाचा कागद आहे. संध्याकाळी सगळेच गाढ झोपलेले दिसले तर झोपेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून दिल्या जातात, डॉक्टरांचा लेखी कागद आहे काय, हे विचारण्यास संकोच करू नये. झोपेच्या गुंगीत लघवीला उठलेला म्हातारा हमखास पडतो. नातेवाइकांस आवडणारी चकचकीत फरशी आणि न्हाणीघराचा उंबरा, हे दोन त्याचे साहाय्यक. कॉटेला कठडे लावले म्हणजे पडणे थांबते, हाही भ्रम आहे. भ्रमिष्ट माणूस कठड्यावरून चढून जातो आणि अधिक उंचावरून पडतो. हात बांधून ठेवण्याचा प्रकार आम्ही एकदा पाहिला. जुन्या सुती साडीच्या पट्टीने, अगदी मऊ गाठ मारून बांधले होते. नळी ओढून काढतात म्हणून, असे कारण सांगण्यात आले. ते कारण कधी कधी खरेही असते. परंतु बांधावयाचे तर कोणाच्या लेखी सल्ल्याने, किती वेळ, आणि मध्ये सोडून हात चोळून देतात काय, याची नोंद पाहिजे. तेथे ती नव्हती, आणि त्या गृहस्थांच्या मनगटावर वळ होता.

आगीविषयी थोडक्यातच. २०२१ या एका वर्षात भंडारा, विरार आणि त्या वेळचे अहमदनगर येथील रुग्णालयांत आगी लागून जे प्राण गेले, त्यांतील बहुतेक अंथरुणावरून उठू न शकणारी माणसे अथवा अर्भके होती. दुसऱ्या मजल्यावर निजलेल्या माणसास रात्री खाली कोण आणणार, आणि कुलपाची किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे दोन प्रश्न पुरेत.

चांगले काय पाहिले तेही सांगितले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या तालुक्याच्या गृहात खुर्च्यांचे वेत तुटलेले होते आणि भिंतींना पोपडे आले होते. पण प्रत्येकाची नखे कापलेली होती. टाचा स्वच्छ होत्या. चष्म्याच्या काचा पुसलेल्या होत्या, आणि कवळीच्या डबीवर नाव लिहिलेले होते. कवळ्या एकत्र धुवून कोणाची कोणाच्या तोंडात जाणे, हा प्रकार वाटतो त्याहून नेहमीचा आहे, आणि बिचारी माणसे दुखते म्हणून जेवणच सोडतात. एका आजोबांना आकाशवाणीवरील सकाळच्या बातम्या लागतात हे मावशींना ठाऊक होते. आम्ही विचारले, किती वर्षे आहात? “नऊ झाली.” तेथील बहुतेक जणी अशाच जुन्या होत्या. दुसऱ्या एका, दिसावयास फार सुंदर अशा गृहात, दर महिन्यास ब्यूरोकडून नवी माणसे येत. तेथल्या एक मावशी आम्हांस फाटकापर्यंत पोचवावयास आल्या आणि इकडेतिकडे पाहून आमच्या परिचारिका भगिनींस म्हणाल्या, “ताई, तुम्ही सगळे तोंड बघून जाता. पाठ बघा.” त्यांना बारा तासांची पाळी होती आणि आठवड्याची सुटी नव्हती. त्यांच्यावर रागावण्याचे आमच्या मनात आले नाही. मातोश्रींच्या गृहातही अशीच कोणी मावशी असेल, आणि रविवारी मुलांशी ती कदाचित बोलली असती. पण मुलांनी तिला ‘जरा पाणी आणा’ यापलीकडे कधी काही विचारले नव्हते.

याच ठिकाणी आपल्या ज्ञातीविषयी एक गोष्ट बोलणे प्राप्त आहे, आणि वडील मंडळींनी ती रागावू नये. ‘गृह आपल्यातल्यांचेच आहे’ एवढ्या एका वाक्यावर आपली कुटुंबे लाखालाखाची अनामत ठेवून मोकळी होतात. पावतीवर रक्कम परत मिळण्याची अट लिहिलेली आहे काय, मृत्यू झाल्यास उरलेल्या महिन्याचे काय, रात्री रुग्णालयात न्यावे लागले तर गाडी कोणाची, हे विचारणे आपणांस उद्धटपणा वाटतो. आडनाव ओळखीचे असले म्हणजे पाठ सुरक्षित राहते असे नाही. आपल्यातल्या माणसाने चालविलेले उत्तम गृहही आम्ही पाहिले, आणि त्यांनीच आम्हांस सांगितले की, ओळखीमुळे लोक प्रश्न विचारीत नाहीत याचे त्यांना भय वाटते, कारण मग चूक आपल्याला कळावयाची कशी?

कार्यकारिणीपुढे स्वतःचे शुश्रूषागृह बांधण्याचा प्रस्ताव आहे आणि इमारत निधीत भर घालण्याचे आवाहन याच स्मरणिकेत अन्यत्र छापले आहे. आमचे मत विचारले गेले आहे, म्हणून सांगतो. इमारत बांधता येईल. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटीही लावता येईल. पण बारा माणसांमागे रात्री दोन जागे हात आज, उद्या आणि दहा वर्षांनी ठेवावयाचे, त्यांचा पगार वेळेवर द्यावयाचा, त्यांना आठवड्याची सुटी द्यावयाची, याची तरतूद प्रस्तावात नाही. ती होईपर्यंत पायाभरणी करू नये, असे आम्हां तिघांचे मत आहे. यावरून कार्यकारिणीच्या दोन सभासदांशी आमचा कडक वाद झाला हे लपवीत नाही, आणि त्यांचा हेतू शुद्ध आहे हेही मान्य करतो.

तोपर्यंत एक काम मात्र आजच सुरू करता येईल. आपल्या ज्या कुटुंबांतील माणसे निरनिराळ्या गृहांत आहेत, त्यांच्या संमतीने मंडळाचे दोन जण, त्यांत एक स्त्री, महिन्यातून एकदा न कळविता जाऊन येतील. बरोबर कागद एकच असेल: पाठ व टाचा, जीभ, वजन, नखे, औषधांची वही, रात्रीची माणसे. २०२० मध्ये साथीमुळे गृहांची दारे नातेवाइकांस कित्येक महिने बंद होती, आणि बाहेरची नजर नाहीशी झाल्यावर आत काय काय राहून जाते हे ज्यांनी नंतर पाहिले त्यांना या फेऱ्यांचे महत्त्व सांगावयास नको. गंभीर काही आढळल्यास प्रथम संचालकांस लेखी कळवावे, मग नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांस. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही आहे. परदेशी असलेल्या मुलांनी पैसे पाठविण्याऐवजी, अथवा पैशाबरोबर, दर आठवड्यास मावशींशी दोन मिनिटे दूरध्वनीवर बोलावे आणि त्यांचे नाव लक्षात ठेवावे.

या कामास आतापर्यंत चार भगिनींनी आणि एका गृहस्थांनी नावे दिली आहेत. गृहस्थ कमी पडत आहेत. भोजनाच्या मंडपाशेजारील टेबलावर वही ठेवली आहे. पहिली फेरी येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सकाळी सहाला निघावयाची आहे.